कादंबरीसाठी कंपायलर

आमचं नाचणगाव पुलगावला अगदी खेटून. एके काळी पुलगावच्या गिरणीत कापसाचं कापड होई. त्यामुळे शर्ट दुकानातच जन्माला येतो, असं इथल्या माझ्या पिढीला कधी वाटलं नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण सगळे तयार कपडे घेणारे. बटण दाबलं की प्रोग्रॅम हजर; तो कुणी, कशातून विणला, हे विचारतो कोण?

मला ते विचारावं लागलं माझ्याच एका कादंबरीपायी. 1996 साली ती छापली गेली. पुढं प्रकाशन बंद पडलं, फ्लॉप्या बुरशीनं खाल्ल्या आणि हाती उरली एक पिवळी पडलेली प्रत. दोनशेवर पानं पुन्हा टाइप करायला डोळे तयार होईनात.

टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखतो, मराठीसुद्धा, हे मला 2019 मध्ये कळलं. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1985 ते 1994 या काळात तो घडला आणि 2005 मध्ये त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला झाला. 2018 च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आलं. ते सुटं अक्षर न पाहता अख्खी ओळ वाचतं. शिरोरेषेनं बांधलेल्या आपल्या लिपीला हे चांगलंच मानवतं. पण माझ्या कॉम्प्युटरवरच्या 2016 सालच्या उबुंटूत तयार मिळे ती तिसरी आवृत्ती. चौथी हवी तर मुळापासून बांधा!

सोर्स कोड म्हणजे माणसानं लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. प्रोसेसरला तो कळत नाही. कंपायलर त्याची यंत्रभाषा करतो. लिनक्सवर यासाठी तीन आज्ञांची जुनी रीत आहे: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. बँकेत कर्जाची फाइल तपासताना मी जे करी, तेच कॉन्फिगर करतं. सातबारा आहे? जामीनदार आहे? एक कागद कमी, की फाइल परत. माझीही परत आली. लेप्टोनिका नावाची चित्रं हाताळणारी लायब्ररी 1.74 किंवा त्यापुढची हवी होती, माझ्याकडे 1.73. मी वैतागून उठणार, तोच मदतीला आलेला शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, थांबा ना. ते काय मागून राह्यलं, ते वाचा आधी.’’

म्हणजे आधी लेप्टोनिका बांधायची, मग टेसरॅक्ट. मेक हे अवजार स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. जी फाइल बदलली तेवढीच पुन्हा कंपाइल करायची, ही त्यातली खरी युक्ती. तरी पहिल्यांदा सगळंच बांधावं लागतं. पडद्यावरून ओळी धावत होत्या, पंखा घरघरत होता. आमचा चहा झाला, दुसराही झाला.

आणि एवढं करून प्रोग्रॅम सुरूच होईना! लायब्ररी सापडत नाही म्हणे. ती होती जागेवरच, पण प्रणालीच्या यादीत तिची नोंद नव्हती. एलडीकॉन्फिग ही एक आज्ञा दिली आणि काम झालं.

तयार पॅकेज मिळत असेल तर मात्र या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हातानं बांधलेल्या प्रोग्रॅमची नोंद पॅकेज मॅनेजरकडे नसते. पुढच्या दुरुस्त्या आणि सुरक्षेची काळजी आपल्याच गळ्यात. पण तयार माल संपला किंवा जुना झाला, तरी सोर्स हाती असला की माणूस अडून राहत नाही.

पहिलं पान वाचून झालं तेव्हा मी तेवीस वर्षांपूर्वीची माझीच वाक्यं पडद्यावर पाहत होतो. ‘घ’ आणि ‘ध’ यांत यंत्राचा गोंधळ होई, त्यामुळे नायिका मधुरा कित्येक ठिकाणी ‘मघुरा’ झाली होती. तिला एकेका पानावरून सोडवता सोडवता दिवाळी उजाडली.