एकाच किल्ल्याची अनेक रूपं

कुठे : डून किल्ला, मध्य स्कॉटलंड. स्टर्लिंग शहराच्या वायव्येला, टीथ नदीकाठी.

कोणाचा : चौदाव्या शतकाच्या अखेरीस आल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्ट्यूअर्ट याने हा किल्ला आजच्या रूपात उभारला. दर्शनी बुरूज सुमारे 30 मीटर उंच आहे.

आत काय पाहाल : मुदपाकखाना चुकवू नका. तिथल्या चुलीची दगडी कमान साडेपाच मीटर रुंद आहे. शेजारच्या दिवाणखान्याचं छप्पर 1880च्या दशकात नव्याने घातलं गेलं.

पडद्यावर : 1975च्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ या विनोदी चित्रपटासाठी इतर किल्ल्यांची परवानगी ऐनवेळी नाकारली गेली. मग कॅमेऱ्याचे कोन बदलून याच वास्तूचे वेगवेगळे किल्ले दाखवले गेले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या चाचणी भागात हा किल्ला विंटरफेल गड झाला, तर 2014मध्ये सुरू झालेल्या ‘आउटलँडर’ मालिकेत कॅसल लिओख.

करवंट्यांचा नाद : ‘होली ग्रेल’मध्ये सरदारांकडे घोडे नाहीत, सेवक करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतात. आजही चाहते या भिंतींसमोर तेच करून पाहतात.

देखभाल : हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड ही सरकारी संस्था. प्रवेशाला तिकीट लागतं. ध्वनिमार्गदर्शकात मॉन्टी पायथन या विनोदी चमूतल्या टेरी जोन्स यांचा आवाज आहे.

जाताना : चित्रीकरणाच्या जागा जरूर शोधा, पण सहाशे वर्षं टिकलेल्या दगडांवर आपलं नाव कोरू नका.