जैवविविधताविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि पर्यावरणीय आघात मूल्यांकन

धरण, रस्ता, खाण किंवा बंदर यांसारखा प्रकल्प हाती घेण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावरील संभाव्य परिणाम तपासून ते टाळण्याचे उपाय सुचविण्याच्या प्रक्रियेस पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. ही प्रक्रिया मुख्यतः प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार चालते. कोणत्या अधिवासांना व प्रजातींना विशेष महत्त्व द्यावे, हे ठरविण्यास जैवविविधताविषयक आंतरराष्ट्रीय करार आधार देतात.

प्रमुख करार

रामसर करार (१९७१) पाणथळ जागांविषयी आहे. यादीतील पाणथळ जागेचे पारिस्थितिक स्वरूप मानवी हस्तक्षेपामुळे बदलण्याची शक्यता असल्यास सदस्य देशाने ते विनाविलंब कळविणे आवश्यक असते. बॉन करार (१९७९) स्थलांतर करणाऱ्या वन्य प्राण्यांच्या संवर्धनासाठी आहे. असे प्राणी एखाद्या ठिकाणी वर्षातील काही काळच आढळतात. त्यामुळे केवळ एका हंगामातील पाहणीत त्यांची नोंद सुटू शकते.

जैवविविधता करार १९९२ साली रिओ दी जानेरो येथे स्वाक्षरीसाठी खुला झाला व २९ डिसेंबर १९९३ रोजी अमलात आला. त्याचे कलम १४ थेट आघात मूल्यांकनाशी संबंधित आहे. जैवविविधतेवर लक्षणीय दुष्परिणाम होण्याची शक्यता असलेल्या प्रकल्पांच्या मूल्यांकनासाठी सदस्य देशांनी योग्य कार्यपद्धती आणावी व आवश्यक तेथे लोकसहभागास वाव द्यावा, असे हे कलम सांगते. २००६ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा येथील परिषदेत यासंबंधीची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारण्यात आली.

मर्यादा

कलम १४ मधील कर्तव्ये 'शक्य तितके व योग्य असेल त्याप्रमाणे' या शब्दांनी सीमित आहेत. कोस्टा रिकाने सान हुआन नदीकाठी बांधलेल्या रस्त्याविरुद्ध निकाराग्वाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली, तेव्हा या कलमाचा अर्थ तपासला गेला. रस्त्याचा सुमारे १०८ किमी भाग नदीलगत होता आणि निकाराग्वाच्या हद्दीतील एक रामसर क्षेत्र जवळच होते. १६ डिसेंबर २०१५ च्या निकालानुसार, मूल्यांकन न करून कोस्टा रिकाने सर्वसामान्य आंतरराष्ट्रीय कायद्यातील कर्तव्याचा भंग केला. मात्र प्रकल्पापूर्वी मूल्यांकन करण्याचे बंधन कलम १४ मधून निर्माण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सीमेपलीकडे परिणाम न होणाऱ्या प्रकल्पांबाबत म्हणूनच देशांतर्गत कायदा निर्णायक ठरतो.

भारत

भारताने १९९४ मध्ये जैवविविधता कराराला अनुसमर्थन दिले. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३६ मध्ये जैवविविधतेस बाधक ठरू शकणाऱ्या प्रकल्पांच्या आघात मूल्यांकनाची व लोकसहभागाची तरतूद आहे. प्रत्यक्ष पर्यावरणीय मंजुरीसाठी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना महत्त्वाची आहे. तिच्यातील प्रपत्र १ मध्ये प्रकल्पस्थळापासून १५ किमीच्या आत आंतरराष्ट्रीय करारांनुसार संरक्षित क्षेत्र आहे का, हे अर्जदाराला नमूद करावे लागते.

महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर, लोणार सरोवर व ठाणे खाडी आणि गोव्यातील नंदा तलाव ही रामसर क्षेत्रे आहेत. एखादी पाणथळ जागा या यादीत आल्याने तिच्या परिसरातील प्रकल्प आपोआप नाकारला जात नाही; परंतु तिचे अस्तित्व अर्जात नोंदवावे लागते. ही माहिती दडविल्यास मंजुरी रद्द होऊ शकते.