वाटाण्याची वेल आणि कॅमेऱ्याचा छंद

तुमच्यापैकी किती जणांना मोबाइलवर व्हिडिओ काढण्याचा नाद आहे? बहुतेकांना असेलच. पुण्यात नगर रस्त्यावर वाघोली आहे, तिथे मी राहतो. आमच्या शेजारच्या सातवीतल्या मुलालाही हा नाद होता. बस, कुत्री, धाकट्या बहिणीचा नाच, जे दिसेल ते तो टिपत असे. एक दिवस मात्र तो हिरमुसून म्हणाला, "सर, आता काढण्यासारखं काही उरलंच नाही!"

मी त्याला एका वाटाण्याची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 साली नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरला झाला. लहानपणापासून त्यांना चित्रे काढण्याची, नाटकाची आणि जादूची भारी हौस. मोठेपणी ते चित्रकला शिकले, छायाचित्रे काढू लागले, छापखान्यात रमले. जादूचे प्रयोगही करीत. त्या वेळी ते नाव लावीत 'प्रोफेसर केळफा'. फाळके हे नाव उलट वाचा, म्हणजे गंमत कळेल!

1911 च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि हलती चित्रे तयार करण्याच्या ध्यासाने ते झपाटले. रात्रंदिवस चित्रपट पाहून त्यांचे डोळे बिघडले, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. तरी 1912 साली ते इंग्लंडला गेले. तिथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. ही भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून करीत.

आता चित्रपट काढायला पैसा हवा. पण आपल्याला ही कला साधली आहे, हे लोकांना पटवायचे कसे? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाली. महिनाभर चाललेली ही वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली! 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल मिळाले आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. फाळके तेव्हा 43 वर्षांचे होते.

ही जादू घडली कशी? चित्रपटातले प्रत्येक चित्र स्थिर असते. अशी चित्रे भराभर डोळ्यांपुढून सरकली, की आपला मेंदू ती जोडून घेतो आणि आपल्याला हालचाल दिसते. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण 16 चित्रे दाखवीत. चित्रे सावकाश घ्यायची आणि वेगाने दाखवायची, एवढीच युक्ती!

इथे थोडे गणित करू या. फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. मग 30 दिवसांची चित्रे झाली 30. ती तर दोन सेकंदांतच संपतील! मिनिटभर दाखवायला 16 गुणिले 60, म्हणजे 960 चित्रे लागतात. महिनाभरात तेवढी मिळवायची तर रोज 32 घ्यावी लागतील. छापलेले वाक्यही कागद-पेन्सिल घेऊन तपासावे, ते असे.

आता तुम्ही हा प्रयोग करून पाहा. घेवड्याचे बी कुंडीत पेरा. चार पाने फुटली, की घरातला एखादा जुना मोबाइल वह्या-पुस्तकांच्या थप्पीला टेकवून पक्का बसवा आणि चार्जरला जोडून ठेवा. मोबाइल हलता कामा नये. उजेड कमीजास्त झाला तर चित्र लुकलुकते, म्हणून खिडकीपासून दूर, एक दिवा सतत चालू ठेवा. दर 5 मिनिटांनी एक चित्र घेतले, की दिवसाची 288 होतात. सेकंदाला 16 या वेगाने ती 18 सेकंदांत संपतात. म्हणजे काळ 4,800 पट वेगाने धावला!

शेजारच्या मुलाचा पहिला प्रयत्न फसला. पहाटे कोणीतरी चार्जर काढला आणि मोबाइल बंद पडला. दुसऱ्या खेपेला त्याने बटणावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली. दोन दिवसांनी तो धावतच आला. "सर, वेल नुसती वाढत नाही, तिचं टोक गोल गोल फिरतंय!"

खरोखरच घेवड्याच्या वेलीचे कोवळे टोक आधार शोधत हवेत सावकाश घिरट्या घालते. खोडाची एक बाजू आधी जास्त वाढते, मग तिच्या शेजारची, आणि म्हणून टोक फिरत राहते. एका फेरीला दोन तास लागले, तर आपल्या चित्रफितीत ती दीड सेकंदात पुरी होते. नुसत्या डोळ्यांनी तास न् तास पाहूनही हे चटकन ध्यानात येत नाही.

आता तो विचारतो आहे, "सगळ्या वेली एकाच दिशेने फिरतात का?" त्याने कारल्याचे बी पेरले आहे, आणि वहीत तारीख, वेळ, दिशा टिपून ठेवतो आहे. काढण्यासारखे काही उरले नाही, ही तक्रार मात्र पुन्हा ऐकू आली नाही.

मित्रांनो, दिसते ते टिपण्याचा कंटाळा येऊ शकतो. पण डोळ्यांना जे दिसत नाही, ते कॅमेऱ्याकडून पाहायला शिकलात, तर हा छंद जन्मभर पुरेल. तुमच्या घरची कुंडी आजच रिकामी आहे का, पाहा बरे!