दोराची भीती, दाराचा धोका

सात मजली इमारतीच्या गच्चीवरची लिफ्टची मशीनरूम. आत ग्रीसचा वास आणि कोंडलेला उकाडा. मेकॅनिकने मेन स्विच पाडला आणि ब्रेककडे बोट दाखवलं. स्प्रिंगांनी दाबलेले ब्रेकशू ड्रमला घट्ट आवळून बसले होते. वीज लागते ती त्यांना सोडवायला, धरायला नाही. दिवे गेले की लिफ्ट अधांतरी अडकते, ती यासाठी.

मी अर्थातच दोर तुटण्याचं विचारलं. तो हसला. "साहेब, सगळे तेच विचारतात."

पोलादी दोर चार होते, प्रत्यक्ष भाराच्या कितीतरी पट ताण सोसणारे. दुसऱ्या टोकाला काउंटरवेट: रिकाम्या केबिनचं वजन आणि वर क्षमतेच्या जवळपास निम्मा भार. त्यामुळे ब्रेक निकामी झाला, तर एकट्या माणसाला घेऊन निघालेली लिफ्ट खाली न कोसळता वर धावते. हे कळल्यावर मला तळच्या खड्ड्यापेक्षा छताचीच धास्ती वाटायला लागली!

कोपऱ्यात गव्हर्नरचं चाक होतं. केबिनला बांधलेला वेगळा, बारीक दोर ते फिरवतो. केबिन उतरताना वेग मर्यादेबाहेर गेला की चाकातली वजनं बाहेर फेकली जातात, चाक अडतं, दोर थबकतो आणि केबिनखालची पाचर ओढून गाइड रेलमध्ये रुतवतो. लिफ्टचा सुरक्षा-ब्रेक शोधणाऱ्या ओटिसने 1854 मध्ये न्यूयॉर्कला गर्दीसमोर दोर कापून दाखवला, तेव्हा त्याच्याकडे हे चाक नव्हतं. दोराचा ताण सुटताच उघडणारी स्प्रिंग होती. 1945 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीवर विमान आदळलं, तेव्हा मात्र मुख्य दोरांबरोबर गव्हर्नरचा दोरही तुटला. केबिन पंचाहत्तर मजले कोसळली. आतली लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर तरीही वाचली.

गव्हर्नर पाहून होतो न होतो तोच मेकॅनिक केबिनच्या टपावर उतरला. खरा वेळ गेला तो मजल्यामजल्यावरच्या दारांपाशी. दाराचा आकडा नीट अडकल्याशिवाय कॉन्टॅक्ट जुळत नाही, आणि सगळे कॉन्टॅक्ट एकाच माळेत. एक सुटला तरी लिफ्ट हलत नाही. मग ती सारखी बंद पडते, रहिवासी वैतागतात आणि कुणीतरी त्या कॉन्टॅक्टला तार मारून तो गप्प करतो. पुढे दार उघडतं, पाऊल पडतं आणि समोर केबिन नसते.

तिसऱ्या मजल्याचा आकडा झिजलेला निघाला.

"आजच्यापुरती तार जोडून द्या ना," सेक्रेटरी जिन्यातून म्हणाले. "पाचव्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायचंय."

"नाही साहेब. खुर्चीत बसवून उतरवू. मी धरतो एका बाजूने."