अंतर एकच, वेळ निराळी

सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडली, तर रेषा अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते. मात्र पृथ्वी गोल असल्यामुळे ती रेषा जवळच्या मार्गाची नव्हे. गोलावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी लांबीचा मार्ग म्हणजे बृहद्वृत्ताचा, अर्थात पृथ्वीच्या केंद्रालाच आपले केंद्र असलेल्या वर्तुळाचा, कंस होय. मुंबई-न्यूयॉर्क कंसाची लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर भरते आणि तो मॉस्कोच्या परिसरावरून, दक्षिण फिनलंड व आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे उतरतो.

हा आकडा कायमचा असला, तरी प्रवासाच्या वेळेविषयी तो अर्धीच माहिती देतो. प्रवासी विमानाचा ताशी सुमारे ९०० किलोमीटरचा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातला असतो आणि ती हवा स्वतःच वाहत असते. मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याला जेट प्रवाह म्हणतात. वाटभर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर वरचे अंतर कापायला पावणेपंधरा तासांच्या आसपास लागतात. तोच पाठीशी असला, तर सव्वातेरा तास पुरतात. परतीच्या प्रवासात वाचणाऱ्या वेळेचे श्रेय अनेकजण पृथ्वीच्या परिवलनाला देतात, परंतु वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तसा थेट लाभ विमानाला मिळत नाही. खरे काम वाऱ्याचे असते.

याचा सर्वांत बोलका दाखला ऑक्टोबर २०१६ मधला आहे. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे वळवून प्रशांत महासागरावरून नेले. या वाटेने सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा साधारण १,४०० किलोमीटर अधिक उड्डाण करावे लागले. तरीही वारा पाठीशी असल्यामुळे ते साडेचौदा तासांत, जवळजवळ दोन तास आधी, पोहोचले. मार्ग आखणाऱ्यांच्या लेखी किलोमीटरपेक्षा इंधन आणि तास का मोलाचे असतात, हे यावरून उमगते.

आकाशालाही सरहद्दी असतात, ही गोष्ट प्रवाशांच्या मात्र फारशी ध्यानात येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय विमान कंपन्यांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला आणि उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. तिकिटावरील कालावधी तर प्रत्यक्ष उड्डाणाच्या वेळेहूनही वेगळा असतो, कारण तो विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळाच्या फलाटाला लागेपर्यंतचा धरतात आणि धावपट्टीकडे जाण्याचा, तिथे पाळी येईपर्यंत थांबण्याचा वेळही त्यात मोजला जातो.