मुखडा हायडनचा, अंतरा कुणाचा?

योझेफ हायडन हिशेबी माणूस होता. 1765 च्या सुमारास, एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत असताना, त्याने स्वतःच्या रचनांची एक कच्ची सूची करायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे तीत भर घातली. रचनेचे सुरुवातीचे थोडे स्वर लिहून ठेवायचे, म्हणजे ती कोणती ते ओळखता येईल, एवढीच योजना. या सूचीत सात सोनाटांच्या नुसत्या सुरुवाती आहेत. त्यांचे पुढचे सगळे हरवले आहे. क्रिस्टा लँडन यांनी हायडनच्या सोनाटांची जी व्हिएन्ना आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात 21 ते 27 हे क्रमांक या सात जणांसाठी राखून ठेवलेले आहेत. एखाद्या जुन्या वहीत बंदिशीचा मुखडा तेवढा सापडावा आणि अंतऱ्याचे पानच फाटलेले असावे, तसे.

डिसेंबर 1993 मध्ये लंडनला जाहीर झाले, की या सातांपैकी सहा सोनाटा सापडले. जाहीर करणारे एच. सी. रॉबिन्स लँडन, म्हणजे हायडनच्या अभ्यासातले त्या काळचे सर्वांत वजनदार नाव. हस्तलिखिताच्या छायाप्रती आल्या होत्या जर्मनीतल्या म्यून्स्टर शहरातून. विनफ्रीड मिशेल नावाच्या बासरीवादक शिक्षकाने त्या व्हिएन्नाचे थोर पियानोवादक पॉल बदुरा-स्कोडा यांच्याकडे पाठवल्या होत्या. एका वृद्ध बाईंकडे मूळ कागद आहेत, पण त्या ते दाखवत नाहीत, असे त्याचे म्हणणे. बदुरा-स्कोडा यांनी सोनाटा वाजवून पाहिले, त्यांच्या संगीतशास्त्रज्ञ पत्नी एफा यांनी तपासले, आणि हे हायडनचेच असे दोघांचे मत पडले. सुरुवातीचे स्वर सूचीतल्या स्वरांशी जुळत होतेच. न जुळून सांगतात कुणाला? ते तिथूनच तर उचललेले होते.

कोलोनच्या हायडन संस्थेतल्या अभ्यासकांनी कागद पाहिले आणि हे हस्तलिखित अठराव्या शतकातले नव्हे, असा निर्वाळा दिला. काही आठवड्यांत सगळा डोलारा कोसळला. सहाही सोनाटा मिशेलने स्वतः रचले होते. या गृहस्थाने त्याआधी जोव्हानी पाओलो सिमोनेत्ती या काल्पनिक इटालियन नावाने बरोक धाटणीच्या रचना छापलेल्या होत्या, हे तेव्हा कुणी मनावर घेतले नसावे.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा हसलो. आता तितकेसे हसू येत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. त्याआधी असा सोनाटा रचणे म्हणजे नेमके काय, ते पाहू.

आपल्या संगीतात षड्ज अचल असतो. गवई कितीही लांब फिरून आला तरी तंबोरा जागचा हलत नाही. सोनाटात तंबोराच हलतो. पहिली कल्पना घरच्या पट्टीत मांडायची, आणि थोड्याच वेळात पंचमालाच षड्ज मानून तिथे बिऱ्हाड करायचे. तिथे दुसरी कल्पना येते. मग मधला विस्तार येतो, त्यात पट्ट्या भराभर बदलतात आणि घर कुठे होते याचाच विसर पडू लागतो. शेवटी परतायचे, आणि परक्या पट्टीत जे बोललो होतो ते आता घरच्या पट्टीत पुन्हा बोलायचे. समेवर येण्याचा आनंद असतो त्याच जातीचा हा आनंद, फक्त पल्ला लांबचा.

एवढे व्याकरण वर्षभरात शिकता येते. मी पन्नाशीला टेकल्यावर, हिशेबनिशीची नोकरी करता करता, जुन्या बाजारातून आणलेल्या पियानोवर ते शिकलो. अवघड आहे तो हायडन. त्याला पुष्कळदा दुसरी कल्पना लागतच नाही. पहिलीच कपडे बदलून परक्या पट्टीत येते. घरी परतल्याचा आव आणतो आणि ते घर नसते. मधेच गप्प होतो, आणि ते गप्प होणे बरोबर तेवढ्याच वेळाचे असते. नियम पाळून रचलेला नकली हायडन ओळखू येतो तो याच जागी: त्यात चुका नसतात, आणि खोड्याही नसतात.

पण थोरांच्या मागे मागे चालत शिकणे यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोंना 27 पर्यंत क्रमांक आहेत. त्यांतले पहिले चार त्याचे नव्हेतच. 1767 मध्ये, अकरा वर्षांच्या मोझार्टने वडिलांच्या मदतीने राउपाख, होनाउअर, शोबर्ट, एकार्ट अशा तेव्हाच्या संगीतकारांचे सोनाटा घेतले आणि त्यांना वाद्यवृंदाची जोड दिली. तो होता गृहपाठ. पुढच्यांनी तो स्वतंत्र रचना म्हणून मोजला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ सोनाटा ओळखले गेले तोवर क्रमांक रूढ झाले होते. म्हणून मोझार्टचा पहिला खरा पियानो कॉन्चेर्टो आजही पाचवा आहे.

शूबर्टचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. बेटहोफेनच्या अंत्ययात्रेत मशाल धरून चालणाऱ्यांत तो होता. दीड वर्षाने, सप्टेंबर 1828 मध्ये, त्याने आपले शेवटचे तीन पियानो सोनाटा पूर्ण केले, आणि नोव्हेंबरात एकतिसाव्या वर्षी तो गेला. त्यांतल्या ए मेजर सोनाटाचा अंतिम भाग बेटहोफेनच्या ओपस 31 मधल्या जी मेजर सोनाटाच्या अंतिम भागाशेजारी ठेवून पाहावा. चार्ल्स रोझेन आणि एडवर्ड कोन या अभ्यासकांनी तो तसा ठेवून दाखवला आहे. दोन्हीकडे शांत, गाण्यासारखी मुख्य चाल. तीच पुढे डाव्या हातात उतरते आणि वर उजवा हात तिपटीत धावू लागतो. शेवटाकडे चाल तुकड्यातुकड्यांनी येते, मधे मधे स्तब्धता, आणि मग एकदम द्रुत लयीत समाप्ती. आराखडा जवळजवळ खोलीला खोली जुळणारा. ऐकताना मात्र बेटहोफेन आठवत नाही. ती चाल शूबर्टची स्वतःची, अकरा वर्षांपूर्वीच्या त्याच्याच एका सोनाटातून घेतलेली. दुसऱ्याच्या घराच्या नकाशावर घर बांधले, पण राहायला स्वतः गेला. वर नाव शूबर्टचेच.

मग मिशेलचे चुकले कुठे? हायडनच्या धाटणीत रचले ही चूक नव्हे. व्हायोलिनवादक फ्रिट्झ क्राइस्लरने पुन्यानी, पोर्पोरा, कुपरँ अशा विस्मृत संगीतकारांच्या नावावर स्वतःच्या रचना वर्षानुवर्षे वाजवल्या आणि 1935 मध्ये सांगून टाकले, की या माझ्याच. इंग्लंडातले समीक्षक अर्नेस्ट न्यूमन संतापले. श्रोत्यांनी मात्र त्या रचना सोडल्या नाहीत. आजही त्या वाजतात, क्राइस्लरच्या नावाने. आपल्याकडेही ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा घालून कुणा अनामिकांनी रचलेले अभंग गाथेत मिसळले आहेत, आणि सदारंगाचे नाव असलेल्या सगळ्याच बंदिशी सदारंगाच्या मानायला जाणकार तयार नाहीत. पण तिथे स्वतःचे नाव पुसण्यात बहुधा भक्ती होती, शरणागती होती. कुणी खोटी वही करून ती तुकोबांच्या हातची म्हणून दाखवली, तर मात्र प्रकरण वेगळे.

मिशेलने तशी वही केली. आणि तीही नेमक्या जागी. हायडनचे सुरुवातीचे सोनाटा हलकेफुलके, करमणुकीचे. 1771 ही तारीख असलेला सी मायनर सोनाटा एकदम गंभीर, खोल पाण्याचा. या दोहोंच्या मधे त्याच्या मनात आणि हातात काय घडले, हा अभ्यासकांचा जुना प्रश्न आहे, आणि हरवलेले सात सोनाटा त्याच सुमाराचे मानले जातात. खोटे कागद टिकले असते, तर त्या प्रश्नाला विसाव्या शतकातल्या एका माणसाने दिलेले उत्तर हायडनचे म्हणून ग्रंथांत बसले असते. माझ्यासारख्या, पदवी नाही आणि गुरू नाही अशा संशोधकाकडे कागदाखेरीज दुसरे काही नसते. तो कागदच खोटे बोलू लागला तर बसायचे कुठे?

हे मी ठणकावून सांगतो, पण गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय ते प्रामाणिक होणार नाही. हायडनच्या धाटणीचा एक जी मेजर सोनाटा मी रचला. पुण्यात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात वीस-बावीस माणसांपुढे एका तरुण मुलीने तो वाजवला. कागदावर मी ‘हायडनच्या धर्तीवर’ असे लिहिले होते. ते वाचून दाखवायचे राहिले. त्याआधी तिने खरोखरच हायडन वाजवला होता, त्यामुळे हाही त्याचाच असे सर्वांनी धरले. संपल्यावर एक वयोवृद्ध, जाणते श्रोते माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘‘काय हो, हा कितवा? तो मधला थांबा काय सुरेख आहे!’’

मी म्हणालो, ‘‘बघून सांगतो.’’

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी फोन करून सांगितले, की काका, तो माझा आहे. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, ‘‘तरीच! मधला भाग जरा लांबलाच होता.’’

मला राग आला, आणि लगेच लक्षात आले की ते खरे बोलत होते. मधला भाग लांबलाच होता. नाव हायडनचे होते तोवर त्यांनी तो सोसला, इतकेच. आणि तो थांबा, जो आदल्या दिवशी सुरेख होता, त्याचे त्यांनी फोनवर नावही काढले नाही. मिशेलच्या त्या सहा सोनाटांचेही हेच झाले. डिसेंबरात जे प्रतिभेचे लेणे होते, त्यातले दोष नंतर ज्याला त्याला दिसू लागले. आपले नाव सांगितले तर कुणी ऐकणार नाही, ही त्याची भीती असेल तर ती खोटी नव्हती. ती मलाही ठाऊक आहे. ‘‘बघून सांगतो’’ हे शब्द तिच्याच पोटी आले होते.

काकांचे ऐकून मी मधल्या भागातल्या अकरा ओळी कापल्या. थांबा ठेवला.

मिशेलने सातांपैकी सहाच केले. सातव्याची सुरुवात सूचीत अजून तशीच आहे, आणि सध्या ती माझ्या पियानोवर असते. हायडनचे स्वर जिथे संपतात तिथे मी तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारली आहे. रेघेपलीकडे आजवर चार ओळी झाल्या आहेत. पाचवी जमत नाही.