टॅरँटुलाची जीभ त्याच्या पायांत असते

सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या ढोलींत आणि जमिनीतल्या बिळांत टॅरँटुला राहतात. आकाराने मोठे, अंगभर केस, आठ डोळे असूनही नजर अधू. असा कोळी रात्रीच्या अंधारात भक्ष्य, जोडीदार आणि धोका ओळखतो तरी कसा? याविषयी बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. त्यातल्या काही तपासून पाहू.

गैरसमज : नाक नाही, कीटकांसारख्या मिशाही नाहीत, म्हणजे त्याला वास-चव कळत नाही.

वस्तुस्थिती : कळते, पण ती जाण तोंडापेक्षा पायांत जास्त असते. पायांच्या आणि तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शपादांच्या टोकांना किंचित वळलेले, बोथट टोकाचे खास केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला सूक्ष्म छिद्र असते आणि आत सुमारे २० चेतापेशींचे धागे पोहोचलेले असतात. केस ओल्या किंवा रसायनयुक्त पृष्ठभागाला टेकला की छिद्रातून रेणू आत जातात आणि मेंदूकडे संदेश निघतो. त्यामुळे पाय टेकताच कोळ्याला त्या वस्तूची चव कळते. पकडलेला किडा चवीला वाईट निघाला, तर तो खाण्याआधीच सोडून दिला जाऊ शकतो.

गैरसमज : त्याचा प्रत्येक केस वास घेतो.

वस्तुस्थिती : केसांचे प्रकार वेगळे आणि कामेही वेगळी. बरेचसे केस फक्त स्पर्श ओळखतात. काही अतिशय नाजूक, लांब केस हवेच्या हलक्या झुळकीनेही डोलतात. जवळून उडणाऱ्या किड्याची चाहूल त्यांनाच लागते. अमेरिका खंडांतल्या अनेक टॅरँटुलांच्या पोटावर खाज आणणारे केस असतात, ते संरक्षणासाठी. भारतातल्या टॅरँटुलांना हे केस नसतात. केसांखेरीज पायांच्या टोकांवर वरच्या बाजूला एक बारीकसा खळगाही असतो. मध्य अमेरिकेतल्या एका भटक्या कोळ्यावरच्या प्रयोगांत हा खळगा हवेतला ओलावा आणि तापमान ओळखतो असे दिसले.

गैरसमज : तो दुरून माणसाचा वास घेतो आणि चालून येतो.

वस्तुस्थिती : टॅरँटुला बहुतेकदा बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. त्याला हल्ल्यासाठी उठवतात ती जमिनीतली किंवा रेशमावरची कंपने. माणूस त्याचे भक्ष्य नाही. जवळ गेलेल्याच्या पावलांची थरथर त्याला जाणवते आणि बहुतेक वेळा तो बिळात शिरतो. पळायला जागा उरली नाही, तरच पुढचे पाय उंचावून दात दाखवतो.

गैरसमज : नराला मादी केवळ योगायोगाने सापडते.

वस्तुस्थिती : मादीच्या बिळाभोवतीच्या रेशमावर रासायनिक खुणा असतात. नराचे पाय त्या रेशमाला लागले की त्याचे वागणे पालटते. तो अंग थरथरवतो, स्पर्शपाद आपटतो आणि जमिनीतून मादीपर्यंत कंपने पोचवतो. उरुग्वेतल्या टॅरँटुलांवर अशी निरीक्षणे झाली आहेत. म्हणजे चवीने सुरू झालेला संवाद कंपनांनी पुढे जातो.

गैरसमज : टॅरँटुला पायांतून रेशीम सोडतो हे सिद्ध झाले आहे.

वस्तुस्थिती : २००६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तसा दावा झाला होता. कोस्टारिकातल्या झेब्रा टॅरँटुलाने उभ्या काचेवर रेशमाचे ठसे सोडले, असे त्यात म्हटले होते. पुढे इतर संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतले. २०१२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीतून निष्कर्ष निघाला, की रेशमाच्या नळ्या समजल्या गेलेल्या त्या रचना बहुधा चवीचे केसच आहेत. रेशीम येते ते पोटाच्या टोकाच्या, तंतू सोडणाऱ्या अवयवांतून.

गैरसमज : सगळे कोळी सारखाच वास घेतात.

वस्तुस्थिती : २०२५ मध्ये युरोपातल्या एका जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या प्रौढ नरांच्या पायांवर, बाजूंना असंख्य छिद्रे असलेले केस सापडले. हवेतून येणारा मादीचा गंध ते टिपतात. तसे केस इतर बऱ्याच कोळ्यांच्या नरांतही आढळले. पण टॅरँटुला ज्या प्राचीन शाखेतला आहे, त्या शाखेतल्या झाकणदार बिळांच्या कोळ्यांत ते दिसले नाहीत. म्हणून एका कोळ्याबद्दलची गोष्ट सगळ्यांना लावू नये.

गैरसमज : लिंबाचे तेल लावले की कोळी फिरकत नाहीत.

वस्तुस्थिती : २०१८ च्या एका अभ्यासात तीन जातींच्या कोळ्यांवर लिंबाच्या तेलाचा काहीच परिणाम दिसला नाही. पुदिन्याचे तेल त्यांतल्या दोन जातींनी टाळले. हे तिन्ही कोळी टॅरँटुला नव्हते, त्यामुळे त्यावरून टॅरँटुलासाठी उपाय सांगता येत नाही.

टॅरँटुला दिसला तर त्याला डिवचू नका आणि मारूही नका. चार पावले मागे सरा. त्याला त्याची वाट मिळाली की तो स्वतःहून निघून जातो.